पुसलेल्या पाटीवर

या पुस्तकात ९६ चित्रं छापली आहेत. त्यांतलं एकही मूळ चित्र आज शिल्लक नाही. प्रदर्शनासाठी चित्रं द्याल का, अशी दोन ठिकाणांहून विचारणा आली तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. माझ्याकडे आहेत त्या अकरा दगडी पाट्या. चौकटी ढिल्या झालेल्या, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या, आणि सगळ्या पुसलेल्या. ज्या लघुपटाची ही चित्रवही आहे, तो या पाट्यांवर काढला गेला आणि पाट्यांवरच पुसला गेला. वाचकाच्या हाती येतंय ते फक्त काढणं आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणी कॅमेऱ्याने टिपलेलं.

पद्धत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला घट्ट आवळलेला. त्याच्या बरोबर खाली पाटी. पाटीवर पेन्सिलीने चित्र काढायचं, हात बाजूला घ्यायचा, दोन फ्रेम टिपायच्या. मग चित्राचा जेवढा भाग हलायला हवा तेवढाच पुसायचा आणि केसभर पुढे सरकवून पुन्हा काढायचा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एकेक चित्र दोनदा टिपलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. लघुपट ७ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. म्हणजे ५,५२० वेळा काढणं आणि जवळजवळ तितक्याच वेळा पुसणं. याला २ वर्षं ४ महिने लागले.

कागदावरच्या ॲनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र आपापल्या कागदावर राहतं. चुकलं तर मधला एक कागद काढून दुसरा घालता येतो. बाहुल्या हलवून केलेल्या स्टॉप-मोशनमध्ये चित्र नसलं तरी बाहुली राहते. तिला पुन्हा पहिल्या जागी उभं करता येतं. पाटीवर यांतलं काहीच नाही. पुढचं चित्र हवं असेल तर आधीचं सोडावं लागतं. दीडशेव्या चित्राला लक्षात आलं की चाळिसाव्या चित्रात खांदा चुकला होता, तर दोनच वाटा असतात: त्या चुकीसकट पुढे जायचं, नाहीतर प्रसंग पहिल्यापासून काढायचा. काम एकाच दिशेने जातं. हे मला सुरुवातीला या पद्धतीचं दुबळेपण वाटलं होतं. आज वाटतं, मला जी गोष्ट सांगायची होती ती सांगायला दुसरी पद्धत चाललीच नसती.

पाटीवर किंवा फळ्यावर काढून चित्र हलवणं ही माझी कल्पना नव्हे. ॲनिमेशनचा जन्मच एका अर्थी फळ्यावर झाला. १९०६ साली अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी काळ्या फळ्यावर खडूने एक पुरुष आणि एक बाई यांचे चेहरे काढले, ते फ्रेम-फ्रेमने हलवले, आणि शेवटी हाताने पुसून टाकले. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये एमिल कोल यांनी ‘फँटासमागोरी’ केला. त्यातली ७०० च्या आसपास चित्रं खरं तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेली होती. पण छपाई उलटी करून त्यांनी ती काळ्यावर पांढरी दाखवली. फळ्यावरच्या खडूसारखं दिसावं म्हणून. कागद हाताशी असताना एका चित्रकाराला फळ्याची आठवण जपावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही फ्रेम-फ्रेमने टिपण्याची सुरुवात पूर्ण लांबीच्या पहिल्या चित्रपटाच्या आधीची आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल होईपर्यंत तो थोडा थोडा टिपला आणि ती फीत दाखवून भांडवल उभं केलं. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला; काडेपेटीतल्या काड्या स्वतःहून सरकतात, आकार घेतात. पोटाला चिमटा घेऊन चित्रपट उभा करणाऱ्या माणसाने नट नाही, पोशाख नाही, देखावा नाही अशा अवस्थेत घरातल्या काड्या हलवल्या, हे पुन्हा पुन्हा आठवावं असं आहे. हाताशी जे आहे त्यालाच हलवायचं. माझ्या हाताशी पाटी होती.

पण खरं शिकलो ते तिघांकडून, आणि तिघांबद्दल इथे थोडं थांबून लिहिणं मला गरजेचं वाटतं.

कॅरोलिन लीफ यांचा ‘द स्ट्रीट’ हा १९७६ चा, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केलेला लघुपट. मॉर्डेकाय रिचलर यांच्या कथेवरचा. माँट्रियलमधलं एक ज्यू कुटुंब, घरात अंथरुणाला खिळलेली आजी, आणि आजी गेली की तिची खोली तुला, असं सांगून ठेवलेला लहान मुलगा. खोली हवी आहे, म्हणजे आजी जायला हवी आहे. मुलाला हे असं मांडता येत नाही, पण ते त्याच्या पोटात आहे. लीफ यांनी तो काचेवर ओल्या रंगाने, बोटांनी काढला. रंग वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळायचं आणि तोच रंग सारत सारत पुढचं चित्र करायचं. त्यामुळे त्यात प्रसंग तुटत नाही. एक चेहरा विरघळतो आणि त्याच रंगातून दुसरा उगवतो. आजीच्या खोलीचा अंधार सरकत येऊन मुलाचा होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गोष्टीपेक्षा त्या सारलेल्या रंगाकडेच पाहत राहिलो होतो. नंतर समजलं की गोष्ट त्या सारण्यातच होती.

विल्यम केंट्रिज यांचं काम जोहान्सबर्गमधलं, कोळशाचं. १९८९ पासून त्यांनी मोठ्या कागदावर कोळशाने काढून, पुसून, पुन्हा काढून लघुपटांची मालिकाच केली. एका प्रसंगाला एकच कागद. कोळसा कधीच पूर्ण पुसला जात नाही. माणूस खोलीत चालत गेला तर तो जिथे जिथे होता तिथे तिथे करडा डाग राहतो. खाणी, वर्णद्वेषाची राजवट, जमिनीत गाडलेली माणसं असा ज्यांचा विषय, त्यांना हा डाग म्हणजे दोष नव्हता. ज्या देशात घडलेलं पुसण्याचा सतत प्रयत्न होत होता, तिथे कागद मात्र काही विसरत नव्हता.

तिसरे युरी नॉर्स्टाइन. त्यांची रीत वेगळी: पातळ कापलेले चित्रांचे तुकडे काचेच्या एकाखाली एक थरांवर ठेवून हलवायचे. पण हरवलेल्या बालपणावर ‘टेल ऑफ टेल्स’ इतकं खोल मी काही पाहिलेलं नाही. १९७९ चा, अर्ध्या तासाला किंचित कमी. नॉर्स्टाइन यांचा जन्म १९४१ मध्ये, युद्धामुळे घरच्यांना मॉस्को सोडावं लागलं तेव्हा झाला. वाढले ते मॉस्कोच्या मारिना रोश्चा भागातल्या जुन्या घरात. पटकथा त्यांची आणि ल्युदमिला पेत्रुशेव्स्काया यांची, चित्रं त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांची. एका रशियन अंगाईत बाळाला बजावतात की काठाशी निजू नकोस, करडा लांडगा येईल. त्या अंगाईतला लांडगा इथे रिकाम्या घरात एकटा राहतो, बटाटे भाजतो, आणि आठवणी धुंडाळतो. एका प्रसंगात दिव्याखाली जोडपी टँगो नाचत आहेत. गाणं अडखळतं आणि प्रत्येक अडखळीला एक पुरुष नाहीसा होतो. बायका रिकाम्या हातांनी उभ्या राहतात. त्या प्रसंगात युद्ध एवढंच दाखवलंय. एक गोळी नाही, एक प्रेत नाही. अडखळणारी तबकडी आणि रिकामे हात.

तिघांकडून मी घेतलं ते एकच: हरवणं दाखवायला निघालात की ते खोटं होतं. साधनालाच हरवू द्यावं लागतं.

आता गोष्टीकडे येतो. इथून पुढे लिहिताना मला जपून लिहायचं आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. जमीन हलकी, पावसाचा भरवसा नाही. पावसाळा सरत आला की मुकादम उचल वाटत, आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव भांड्याकुंड्यांसकट ट्रकमध्ये बसून साखर कारखान्याला ऊस तोडायला जाई. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. हंगामाच्या आधी हातात पडलेले पैसे, ते ऊस तोडून फेडायचे. फिटले नाहीत तर अंगावर राहतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच टोळीत जावं लागतं. आजारपणाने किंवा बाळंतपणाने काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आठवड्याच्या बाजाराला मुकादम खर्ची देतो, तीही वहीत चढते. हा सगळा हिशेब त्या एका वहीत असतो, आणि वहीतलं वाचता येणारी माणसं त्या काळी टोळीत क्वचितच असत.

१९९१ च्या हंगामात माझी थोरली बहीण आक्का दहा वर्षांची होती, चौथीत. मी सहा वर्षांचा. मला आजीजवळ ठेवलं आणि आक्काला नेलं, कारण धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता आणि माय उसाच्या फडात असताना त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. दसऱ्याला आम्ही दोघांनी पाटीपूजन केलं होतं. आक्काने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, मी तिची बघून वाकडीतिकडी काढली. ती पाटी आक्काने गोधडीत गुंडाळून सोबत नेली. लघुपटात पहिली ५० सेकंदं एवढंच आहे: एकाचे आकडे उमटतात, त्यांची सरस्वती होते, आणि सरस्वतीवर गोधडी पडते.

कोपीवरचं आयुष्य आक्काने मला तुकड्या-तुकड्यांत सांगितलं आहे. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, रात्री थंडीत गळणारं दव. माय आणि आप्पा अंधारातच फडात जात. आक्का पाणी आणी, भाकऱ्या थापी, धाकट्याला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर जाई आणि गाडीच्या सावलीत साडीची झोळी बांधून त्याला निजवी. दुपारी वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधी. उसाच्या पानांनी हातांवर बारीक चरे पडत, ते घामाने झोंबत. संध्याकाळी मोळ्या गाडीवर चढवताना ती खालून हात देई. पाटी गोधडीतून बाहेर निघे ती रात्री, चुलीच्या उजेडात. ती धाकट्यासाठी चित्रं काढी, पुसी, पुन्हा काढी. मला तिने हे सांगितलं तेव्हा मी या लघुपटाच्या पहिल्या फसलेल्या आराखड्यावर काम करत होतो. पद्धत मला तिथे सापडली. मी जे ॲनिमेशन म्हणून शिकलो होतो, ते माझी बहीण चुलीपाशी करत होती.

मुख्य प्रसंग असा. बाजाराचा दिवस. आप्पा खर्ची आणायला मुकादमाकडे गेले, आक्का धाकट्याला घेऊन सोबत. मुकादम बाजेवर बसलेला, लाल कापडी बांधणीची लांबट वही समोर उघडी. तो पैसे मोजत होता, आप्पा पैशांकडे बघत होते, आक्का वहीकडे. वाचता येणाऱ्या माणसाला समोरचं न वाचणं जमत नाही. तिने आप्पांचं नाव वाचलं. परक्याच्या अक्षरात आपल्या बापाचं नाव तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि आधी तिला आनंद झाला. मग नावाखालच्या ओळी वाचल्या. उचल एक नव्हती, दोन होत्या. पहिली सगळ्यांना ठाऊक असलेली. दुसरी तेवढ्याच रकमेची, धनत्रयोदशीच्या दिवसाची. दोन्हींपुढे आप्पांचा अंगठा.

घरात उचल एकच होती. माय रोज रात्री तिचाच हिशेब बोटांवर करी: चैत्रापर्यंत फिटते, मग पुढच्या साली कारखाना नाही, मग आक्का पुन्हा शाळेत. वहीनुसार चैत्रापर्यंत काहीच फिटणार नव्हतं. आक्काला ते तिथल्या तिथे समजलं. आप्पांनी पैसे कोपरीच्या खिशात ठेवले, वाटेत तिला गोडीशेव घेऊन दिली. तिने ती खाल्ली. मायला तिने ते कधीच सांगितलं नाही. ती पुन्हा शाळेत गेली नाही.

मला तिने सांगितलं ते आप्पांच्या दहाव्याच्या रात्री, ओसरीवर. माय त्याआधीच गेली होती. गोष्ट लघुपटात आणि इथे आली आहे ती आक्काच्या परवानगीने. तिचं नाव येऊ नये ही तिची अट होती आणि ती मी पाळली आहे.

हे ऐकल्यावर मी पहिला आराखडा केला तो पूर्ण चुकीचा होता. त्यात मुकादम दुष्ट होता, आक्का रडत होती, आकाशात ढग होते. चार महिन्यांचं ते काम मी बाजूला ठेवलं. चूक कुठे होती हे कळायला मला एका शब्दापाशी जावं लागलं. ‘निरागस’ हा शब्द आपण लहान मुलांसाठी इतका सैल वापरतो की त्यातला अर्थ दिसेनासा झाला आहे. आगस् म्हणजे अपराध, पाप. ज्याच्या माथी अपराध नाही तो निरागस. ज्याला काही माहीत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे: अजाण. आक्का अजाण कधी नव्हतीच. फडातली पोरं अजाण नसतात. तिला भूक ठाऊक होती, मायचं बाळंतपण तिने पाहिलं होतं, ट्रकमधून पडून गेलेलं माणूस पाहिलं होतं. शुभेच्छापत्रांवर छापलेलं जे गोंडस, अजाण बालपण असतं ते तिला मिळालंच नव्हतं, मग ते हरवणार कसं? तिचं हरवलं ते दुसरंच. वही वाचेपर्यंत तिच्याजवळ मायपासून लपवण्यासारखं काही नव्हतं. वाचल्यावर झालं. आप्पांच्या खोटेपणात ती आपण होऊन सामील झाली, कारण सांगितलं असतं तर माय मोडली असती आणि आप्पा उघडे पडले असते. कसलाही दोष नसताना तिने तो ओढून घेतला. निरागसपण गेलं ते असं, शब्दाच्या नेमक्या अर्थाने. आणि ते प्रेमापोटी गेलं. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी मुकादमाची मिशी पुसून टाकली. आता लघुपटात तो फक्त दोन हात आहे, पैसे मोजणारे.

दुसरी उचल कशासाठी होती, हे लघुपटात येत नाही. इथे सांगतो. त्या दिवाळीच्या आधी मला विषमज्वर झाला होता. बीडच्या एका दवाखान्यात मी अकरा दिवस होतो, असं आजी सांगायची. पैसे चुलत्याने दिले, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धनत्रयोदशीला मी घरी आलो. या दोन गोष्टी एकत्र ठेवायला मला ओसरीवरच्या त्या रात्रीपासून पहाट व्हावी लागली. आक्काने त्या कधी एकत्र ठेवल्या, हे मी तिला विचारलेलं नाही.

मग पाटीबद्दल. ओल्या फडक्याने पुसलं तर दगड काळाभोर होतो, पण तो वाळेपर्यंत थांबावं लागतं. ओली पाटी दिव्याचा उजेड परतवते आणि कॅमेऱ्यात चकाकते. कोरड्या फडक्याने पुसलं तर थांबावं लागत नाही, पण मागे पांढुरका धूर राहतो आणि प्रत्येक चित्रागणिक तो वाढतो. हे समजल्यावर मी एक नेम केला: गावातले प्रसंग ओल्या फडक्याने, फडातले कोरड्या. म्हणून पुस्तकात पहिल्या पानांवर काळा रंग निर्मळ आहे आणि पुढे तो राखाडी होत जातो. वाचकांना ते पहाटेचं धुकं वाटेल. काही ठिकाणी ते धुकं आहेही. पण ते आधीच्या चित्रांचं पीठ आहे. आक्का जिथे जिथे हलली, त्या जागा. वहीच्या प्रसंगानंतर मी ओलं फडकं वापरलंच नाही. शेवटच्या दीड मिनिटात पाटी इतकी पांढरी होते की पेन्सिलीची रेघ दिसायला ती दाबून ओढावी लागते. रेघ आणि जमीन यांतला फरक मिटत आला तिथे लघुपट थांबतो.

तांत्रिक अडचणी बहुतेक उजेडाच्याच होत्या. विजेचा दाब खालीवर झाला की दोन चित्रांमधला उजेड बदलतो आणि पडद्यावर सगळं फडफडतं. तीन आठवड्यांचं काम तसं वाया गेल्यावर मी बॅटरीवर चालणारे दिवे घेतले, खिडक्यांना काळं कापड लावलं, आणि काम करताना अंगात काळाच सदरा घालू लागलो, कारण पांढऱ्या सदऱ्याचा उजेडही पाटीवर पडतो. संगणकावर आधीचं चित्र पुढच्याखाली पुसट दाखवण्याची सोय असते. पहिल्या महिन्यानंतर मी ती बंद केली. हात तिच्या आधाराने रेघ गिरवत होता. बंद केल्यावर हाताला आठवावं लागलं, आणि आठवताना होणाऱ्या चुका मला हव्या होत्या.

पेन्सिलीबद्दलही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दगडी पेन्सिली ज्या मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये मोठ्या प्रमाणावर बनत, तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांची फुप्फुसं त्या धुळीने निकामी झाली. सिलिकोसिसच्या वैद्यकीय अभ्यासांत मंदसौरचं नाव येतं. मी दिवसाला दोन-तीन पेन्सिली झिजवत होतो, तोंडाला फडकं बांधून. अक्षर गिरवायला मुलांच्या हाती दिलेली ती करडी कांडी कुणाच्या तरी श्वासातून आलेली होती, हे समजल्यावर मी उरलेल्या पेन्सिलींचे तुकडेही टाकले नाहीत. ते एका डब्यात आहेत.

लघुपटात संवाद नाहीत. आवाज आहेत ते पेन्सिलीचे, कोयत्याचे, पाचट वाऱ्यावर वाजण्याचे आणि एका झोळीच्या दोरीचे. पुस्तकात तेही नसतील. चित्रांखाली मी ओळी लिहिलेल्या नाहीत. फक्त प्रत्येक चित्राचा क्रमांक दिला आहे, म्हणजे १,२०४ आणि १,२३१ यांच्या मध्ये किती चित्रं पुसली गेली हे वाचकाला मोजता येईल. पानं भराभर उलटली तर काहीही हलणार नाही, तेवढी ती सलग नाहीत. एकेका पानावर थांबून पाहावीत अशी विनंती आहे.

लघुपट पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा आक्काला दाखवला. तिच्याच घरी, लॅपटॉपवर, दुपारी. तिची नात शेजारी बसली होती. आक्का शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, वहीचा तेवढा परत दाखव. दाखवला. त्यात मी आक्काचं बोट ओळीखालून सरकताना काढलं होतं; चौथीतली मुलं वाचतात तसं, अक्षरागणिक. प्रसंगातली सर्वांत चांगली हालचाल ती होती, असं माझं मत होतं.

“बोट नव्हतं,” आक्का म्हणाली. “बोट फिरवलं असतं तर आप्पांना दिसलं नसतं का, मी वाचतेय ते? मी ओठसुद्धा हलू दिले नाहीत.”

तो प्रसंग १९ सेकंदांचा आहे, २२८ चित्रं. मी ती सगळी पुन्हा काढली, त्याच पाटीवर. आता आक्काचे दोन्ही हात धाकट्याच्या पाठीवर आहेत आणि फक्त डोळ्यांची बुबुळं हलतात, उजवीकडे, आणि परत डावीकडे. पहिल्या खेपेला बोटाखालची रेघ मी जोर देऊन ओढली होती, ती दगडात उतरली होती. पुष्कळ पुसूनही गेली नाही. ६३ व्या पानावर, दुसऱ्या उचलीच्या आकड्याखाली, ती दिसते.